गॅस-फ्लो आल्फा-बीटा काउंटर, वर्षभर वापरल्यानंतर (आणि गॅसचं बिल भरल्यानंतर)

स्पेसिफिकेशन सगळ्यांना माहितीच आहे, ते परत लिहीत नाही. आमच्याकडे पाण्याच्या सॅम्पलचं ग्रॉस आल्फा-बीटा (सगळ्या आयसोटोपचे मिळून एकूण आल्फा आणि बीटा कण) मोजायला हा प्रपोर्शनल काउंटर आहे, कण गॅसमधून जाताना इलेक्ट्रॉन सुटे करतो, ते आतल्या तारेवर पोचले की पल्स मिळतो. पातळ मायलरची (प्लास्टिक फिल्मची) विंडो आणि पी-१० गॅस, म्हणजे ९० टक्के आर्गॉन, १० टक्के मिथेन. लिहायचं निमित्त म्हणजे पावसाळ्यात ठरलेल्या किरणोत्सर्गी सोर्सच्या रोजच्या चेकमध्ये बीटाचे काउंट घसरायला लागले आणि कंपनीचा माणूस फोनवरच म्हणाला, प्रीअँप (पल्स मोठा करणारं सर्किट) गेलाय, नवीन घ्या. कोटेशन बघून आमच्या अकाउंट्सवाल्या मॅडम काही वेळ बोलल्याच नाहीत.

पण आल्फा? आल्फा जवळजवळ ठीक होता! प्रीअँप गेला असता तर दोघंही गेले असते ना. अमेरिशियम-२४१ चा आल्फा ५.४९ एमईव्हीचा, हवेत चारेक सेंटिमीटरमध्ये खलास होतो. आर्गॉनमध्ये एक आयन जोडी बनवायला साधारण २६ ईव्ही लागतात, म्हणजे पूर्ण थांबला तर दोन लाखांवर जोड्या. आमचं चेंबर उथळ आहे तरी हजारोंनी मिळतात. स्ट्रॉन्शियमचा बीटा मात्र एका सेंटिमीटरमध्ये जेमतेम शंभर जोड्या टाकून निघून जातो. आता यात हवा शिरली की ऑक्सिजन इलेक्ट्रॉन पकडतो, ते तारेपर्यंत पोचतच नाहीत, पल्स बारीक होतो. आल्फाचा पल्स इतका मोठा की थोडा कापला तरी मोजला जातो, बीटाचा आधीच काठावर, तो थ्रेशोल्डखाली, म्हणजे मोजायच्या किमान उंचीखाली, गेला की संपला. थोडे आल्फा मात्र बीटाच्या खात्यात जमा होत होते, तेही नंतर प्लॅटो (व्होल्टेज वाढवत गेलं तरी काउंट जिथे जवळपास तेच राहतात तो आलेखाचा सपाट भाग) परत काढल्यावर दिसलं, सगळा प्लॅटो उजवीकडे सरकलेला.

तर गळती शोधली. बबलरमध्ये (बाहेर पडणारा गॅस ज्या द्रवातून जातो त्या बाटलीत) बुडबुडे येत होते, म्हणून सगळे निवांत, पण बुडबुडे आले म्हणजे आत शुद्ध गॅसच आहे असं थोडंच! सॅम्पलच्या ड्रॉवरची ओ-रिंग (हवाबंद ठेवणारी रबरी कडी) कडक झाली होती. हार्डवेअरच्या दुकानात तशीच मिळाली, चहा-वड्याच्या पैशांत. गॅस तासभर सोडून ठेवला, बीटा परत जागेवर. प्रीअँपचं कोटेशन मी फाइलला लावून ठेवलंय, पुढच्या एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) बोलणीत कामाला येईल.

आधी मी या मशीनला दोन स्टार देणार होतो, आता चार. आल्फाचा प्लॅटो इतका सपाट आहे की व्होल्टेज जरा इकडेतिकडे झालं तरी फरक पडत नाही, बॅकग्राउंडही आल्फात अगदी नगण्य. एक स्टार गॅससाठी कापलाय आणि तो परत मिळणार नाही. सिलेंडर संपतो कधी ते कळत नाही, रेग्युलेटरचा काटा शेवटपर्यंत खोटं बोलतो, मशीन बंद असताना पण लोक फ्लो चालू ठेवून घरी जातात, आणि डीलर म्हणतो भाडं वेगळं, वाहतूक वेगळी. मी आता व्हॉल्ववर चिठ्ठी चिकटवलीय, ‘जाताना बंद करा, तुमच्या खिशातले पैसे आहेत’ अशी, जे अर्थातच खरं नाही.

अजून एक. बोअरवेलचं जड पाणी आटवलं की प्लँचेटवर (सॅम्पलच्या धातूच्या ताटलीवर) क्षाराचा थर बसतो, आल्फा त्यातच ऊर्जा घालवून बसतो, विंडोपर्यंत कमीच येतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, आल्फाची मर्यादा लिटरला ०.१ बेकरेल, बीटाची १, म्हणजे आल्फाला चूक परवडत नाही. थर जाड असेल तर सॅम्पल कमी घ्या, काउंटिंगची वेळ वाढवा, आणि क्षाराच्या वेगवेगळ्या वजनांसाठी एफिशियन्सीचा (सुटलेल्या कणांपैकी किती मोजले जातात त्याचा) कर्व्ह स्वतः काढा, कंपनीने दिलेला स्वच्छ डिस्कचा असतो. आल्फा कोणत्या आयसोटोपचा ते हे मशीन सांगणार नाही, त्यासाठी ग्रिडवालं आयन चेंबर किंवा सिलिकॉन डिटेक्टर बघा. घ्यायचा विचार असेल तर सिलेंडरसोबत मिश्रणाचं सर्टिफिकेट मागा, आणि दोन ओ-रिंग आधीच आणून ठेवा.