रबाळ्याचे हेडलाइटवाले काका: आधी पाणी कुठून शिरतंय ते शोधतात, मग पाना हातात घेतात

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढे येईलच.

हा रिव्ह्यू कोणासाठी, तर ज्यांच्या गाडीच्या हेडलाइटमध्ये पावसाळ्यात आतून वाफ धरते, थेंब लटकतात, किंवा माझ्या गाडीसारखं खाली चक्क पाणी साचतं आणि ब्रेक मारला की ते डुचमळताना दिसतं त्यांच्यासाठी. गाडी सेकंडहँड हॅचबॅक, हेडलाइट साधे, एच४ म्हणजे हॅलोजन बल्बवाले. राहायला खारेगाव, ऑफिस महापे, म्हणजे रोजचा रस्ता कळवा, विटावा, ऐरोली, रबाळे. विटाव्याला रेल्वे पुलाखाली जुलैमध्ये काय होतं ते या रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही विचारा, बंपर बुडतो आणि मागचा हॉर्न मारत राहतो, थांबायची सोय नाही.

जिथे गाडी सर्व्हिसिंगला जाते तिथल्या अ‍ॅडव्हायजरने हेडलाइटकडे बघितलं न बघितलं आणि सरळ सांगून टाकलं, मॅडम पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल, दोन्ही साइड, एकेक साडेचार हजार, वर फिटिंग, वर जीएसटी. पाणी आलं कुठून विचारलं तर म्हणे पावसाळा आहे ना. अहो पावसाळा आहे म्हणून पाणी आलं असेल तर मग ते नवीन असेंब्लीतही येणारच की! इन्शुरन्समध्ये टाकावं म्हटलं तर साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या पार्टवर ५० टक्के डेप्रिसिएशन कापतात, ही कपात नसलेली झिरो डेप पॉलिसी माझ्याकडे नाही, आणि मुळात असं झिरपलेलं पाणी अपघातात बसवणार कसं. वर क्लेम टाकला की नो क्लेम बोनसवर पाणी. (हेडलाइटमधलं कमी पडलं म्हणून.)

तर ऑफिसमधल्या एकाने रबाळे एमआयडीसीतल्या या काकांचा पत्ता दिला. दुकान म्हणजे टायरवाल्याच्या शेजारचा पत्र्याचा गाळा, बाहेर रंगाने लिहिलेलं 'हेडलाइट रिपेअर, पॉलिश', आत भिंतीला उघडलेले हेडलाइट टांगलेले, बसायला एक स्टूल आणि त्याच्यावर बहुतेक वेळा कोणाचा तरी बंपर ठेवलेला. एसी वेटिंग रूम आणि कॉफी मशीनची सवय असेल तर आधीच सांगितलेलं बरं.

काकांनी गाडीला हात लावायच्या आधी विचारलं, "ताई, सकाळी धरतंय आणि लाइट लावून गाडी चालवली की जातंय, का जातच नाय?" मला वाटलं नुसतं बोलायचं म्हणून विचारतायत, पण सगळं काम या प्रश्नावरच ठरतं. हेडलाइट हा हवाबंद डबा नसतोच. त्याला मागच्या बाजूला बारीक श्वास घ्यायच्या जागा दिलेल्या असतात, कुठे वाकडी रबरी नळी, कुठे जाळीदार टोपी. लाइट लावला की आतली हवा गरम होऊन फुगते आणि बाहेर जाते, बंद केला की थंड होऊन आकसते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. आपल्याकडची जुलैची हवा म्हणजे खाडीवरची ओली हवा, ती आत गेली आणि पहाटे पावसाने काच गार पडली की त्या हवेतलं पाणी काचेला आतून धरणारच. एवढं होणं नॉर्मल आहे, लाइट लावून थोडं अंतर गेलं की जातं. एलईडी हेडलाइट असलेल्यांनी थोडा जास्त वेळ धरावा, कारण एलईडीची बरीचशी उष्णता मागे हीट सिंककडे, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाकडे जाते, पुढची काच हॅलोजनसारखी तापत नाही, त्यामुळे तिथे वाफ उशिरा जाते आणि लोक उगाच घाबरतात. पण मोठे थेंब ओघळतायत, तळाला पाणी आहे, दिवसभर जात नाही, म्हणजे कुठेतरी लीक आहे.

माझं दुसऱ्या प्रकारचं होतं. आता मला वाटलेलं की काका काच उघडणार, सुकवणार, चिकटवणार, पैसे घेणार. त्यांनी पोराला बंपर सैल करायला लावला, दोन्ही हेडलाइट बाहेर काढले आणि डावा उलटा करून मागून मला दाखवला. एच४ बल्बच्या मागे जो रबराचा बूट, म्हणजे मागचं तोंड झाकणारी टोपी असते ना, तो कापलेला. आधीच्या मालकाने कुठूनतरी पंखेवाले एलईडी बल्ब बसवून घेतले होते, ते लांबीला जास्त, बूट बसेना म्हणून बसवणाऱ्याने ब्लेडने मधोमध भोक मोठं केलं आणि दिलं लावून. पुढे गाडी विकताना बल्ब काढून घेतले असणार, साधे टाकले, बूट मात्र तोच फाटका. म्हणजे विटाव्याच्या पाण्यात गरम हेडलाइट बुडला की आतली हवा एकदम आकसणार आणि त्या भोकातून पाणी थेट आत ओढलं जाणार.

याच्याही वरची कमाल म्हणजे कोणीतरी आधी 'रिपेअर' केलेलं होतं. श्वास घ्यायची जी नळी, तिच्याच तोंडावर सिलिकॉनचा गोळा! म्हणजे पाणी यायचा रस्ता मोकळा आणि वाफ जायचा बंद. काकांनी तो गोळा नखाने उकरून काढला आणि म्हणाले, "हा आंबट वासवाला सिलिकॉन लाइटला कधी लावू देऊ नका." वाळताना त्याच्यातून अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड सुटतं, व्हिनेगरमध्ये असतं तेच, आणि ते धातूला खातं. आतला चकचकीत रिफ्लेक्टर म्हणजे प्लास्टिकवर अ‍ॅल्युमिनियमचा अगदी पातळ थर, तो एकदा काळपट पडला की तुम्ही बाहेरून काच कितीही घासा, उजेड पडत नाही. लावायचाच तर न्यूट्रल क्युअर लिहिलेला लावायचा, आणि तोही नळीवर नाही.

आतून सिलिका जेलची एक पुडी पण निघाली, फुगून ओली, बल्बच्या बुडाशी पडलेली. हा उपाय मोबाइलवर जो तो सांगतो म्हणून लिहिते. सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढं पाणी धरतं आणि मग बस. लीक चालू असेल तर ती पुडी एका पावसाची सोबती, आणि तापलेल्या बल्बला टेकली तर वेगळंच काम निघायचं.

डाव्याचं काम मग तेवढंच. बल्ब काढून, बूट काढून, कोमट हवा हळूहळू सोडून सुकवला, नवीन बूट टाकला, नळी साफ केली. काच उघडलीच नाही. मी म्हटलं उघडून एकदा आतून पुसून घ्या ना, तर म्हणाले, "पुसलं की गेला, ताई. रिफ्लेक्टरला फडकं लावायचं नाय, नुसती हवा मारायची." काच उघडायचे पैसे सोडणारा माणूस या धंद्यात मला तरी पहिलाच भेटला.

उजव्याचा बूट नीट होता तरी आत पाणी, म्हणून त्याची टेस्ट केली, आणि ती बघायलाच मी स्टूलवरचा बंपर बाजूला करून बसले. श्वासाच्या सगळ्या जागा टेपने बंद, एकीतून अगदी हलकी हवा (पंक्चरवाल्याचा पाइप लावलात तर काच सुटेल, इतकी नाही), आणि काचेच्या कडेने रंगाच्या ब्रशने साबणाचं पाणी. सगळी कड शांत, आणि खालच्या बाहेरच्या कोपऱ्यात, इंडिकेटरच्या जरा पुढे, बारीक बारीक बुडबुड्यांची रांग. तिथे कधीतरी पार्किंगमध्ये ठोकर बसलेली असावी, बाहेरून ओरखडासुद्धा नीट दिसत नाही पण आतला ग्लू सुटलेला. सर्व्हिस सेंटरने एवढं केलं असतं तर मी कदाचित साडेचार हजार दिलेही असते.

हा मात्र उघडावा लागला. कडेच्या क्लिपा आणि स्क्रू काढले, बल्ब, वायर सगळं बाहेर, मग घरीच बनवलेल्या ओव्हनमध्ये. ओव्हन म्हणजे पत्र्याची पेटी, हीटर आणि थर्मोस्टॅट, काटा शंभरच्या थोडा खाली. काच पॉलिकार्बोनेटची असते, ती १४७ अंशांच्या आसपास मऊ पडते, आणि मागचा काळा डबा त्याच्याही आधी वाकडा होतो, त्यामुळे हीट गन एका जागी धरून बसणारे लोक काचेला लाटा पाडून ठेवतात. इथे तसं काही झालं नाही. काच धरून ठेवणारा बुटाइल ग्लू (गरम केला की मऊ पडणारा रबरी चिकट) मऊ झाला, काका प्लास्टिकच्या पट्टीने कोपऱ्यातून उचलत गेले आणि काच अख्खी हातात आली. जुना ग्लू खाचेतून पूर्ण खरवडून काढला, त्याच्यावरच नवीन थापला नाही, ही गोष्ट मी मुद्दाम बघत होते. मग बुटाइलची नवी दोरी खाचेत बसवून परत गरम, काच दाबून, क्लॅम्प लावून ठेवली, आणि थंड झाल्यावर परत साबणाची टेस्ट. काही गाड्यांत कारखान्यातूनच कडक होणारा ग्लू असतो, तो गरम करून सुटत नाही, कापावा लागतो. तसलं काम ते घेत नाहीत, तोंडावर सांगतात.

बिल दोन्ही मिळून १८०० रुपये, त्यात उजव्याचे १२००, डाव्याचे बुटासकट ४००, फोकस सेटिंगचे २००. हेडलाइट काढून बसवला की फोकस बघून घ्याच, नाहीतर लो बीम समोरच्याच्या डोळ्यात.

आता कापलेला स्टार. सकाळी दहाला गाडी द्या, दोन तासांत होईल म्हणाले, संध्याकाळ झाली, कारण मध्ये एक ट्रकवाला आला आणि ट्रकवाला आला की काका तुम्हाला ओळखत नाहीत. फोन उचलत नाहीत. छापील बिल नाही, मागितलं तर वहीचं पान फाडून देतात, वॉरंटी म्हणजे "काही वाटलं तर या". बंपरची एक क्लिप पोराने तोडली आणि तिथे गुपचूप काळा झिप टाय लावला, तो मला घरी आल्यावर दिसला. क्लिप तुटली तर तुटली, पण सांगून लावा ना. उजव्या काचेच्या कडेला ग्लूची थोडी काळी रेघ बाहेर आलीय, बोनेट उघडल्याशिवाय दिसत नाही, पण ज्यांना असल्या गोष्टी टोचतात त्यांना टोचेल.

त्यानंतर जोराच्या पावसात, पुलाखालच्या पाण्यात गाडी गेलीय, वॉशिंग सेंटरवाल्याने सांगूनही हेडलाइटच्या कडेवर प्रेशरचा पाइप धरलाय. डावा कोरडा. उजव्याला कधीमधी सकाळी एका कोपऱ्यात हलकी वाफ दिसते, ऐरोलीपर्यंत गेलेली असते, तेवढं होणार हे काकांनी आधीच सांगितलं होतं. थेंब नाहीत, तळाला पाणी नाही.

फॉग लॅम्पमध्येही पाणी होतं, ते करून द्या म्हटलं तर बोटाने वाजवून बघितला आणि परत दिला, "हा उघडत नाय, नवीन टाका, माझ्याकडे नका टाकू, दुकानातून आणा, स्वस्त पडेल." जायचं असेल तर शनिवार सोडून जा, सकाळी लवकर, ट्रक यायच्या आत, आणि येताना रिक्षा करायची तयारी ठेवा, रबाळे स्टेशन चालत जरा लांब पडतं.