दाखवले एक पेन, हाती दिले दुसरे: पुण्यातील संग्राहकांसाठी

पुण्यात महागडी शाईची पेने जमवणाऱ्यांना एक गृहस्थ एकेकटे गाठून पेने विकत आहेत आणि त्यांच्याकडून घेतलेली तीन पेने आमच्या परिचयातच खोटी किंवा बदललेल्या भागांची निघाली आहेत. त्यांपैकी एक माझे आहे. हे गृहस्थ अजून सापडलेले नाहीत आणि त्यांची पद्धत अनुभवी संग्राहकालाही चकवील अशी आहे, म्हणून ती सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

एरंडवण्यात आमच्या एका ज्येष्ठ सदस्यांच्या घरी महिन्यातून एकदा दहाबारा जण जमतात. प्रत्येक जण आपली दोनतीन पेने टेबलावर मांडतो, ती हातोहात फिरतात, कागदावर लिहून पाहिली जातात आणि मग आपल्याला अमुक घडणच का आवडते हे जो तो मनापासून सांगतो. कोणी पार्कर ५१ चे कौतुक करतो, कारण १९४१ साली बाजारात आलेल्या त्या पेनाची निब जवळजवळ पूर्ण झाकलेली असते आणि त्यामुळे तिच्यावरची शाई लवकर सुकत नाही. कोणी पेलिकन या जर्मन कंपनीच्या हिरव्या पट्ट्यांच्या पेनावर बोलतो. सदर गृहस्थ एका परिचिताच्या ओळखीने या बैठकीला येऊ लागले. ते अत्यंत विनयाने वागत, फारसे बोलत नसत, मात्र कोणाचा जीव कोणत्या पेनावर आहे हे बारकाईने ऐकत आणि 'आठवणीसाठी' म्हणून टेबलावरच्या पेनांची छायाचित्रे काढत. पुढे ज्याला जे हवे होते तेच त्याच्यापुढे आले.

माझा जीव माँ ब्लाँ या कंपनीच्या माइस्टरश्टुक १४९ या पेनावर होता आणि ते मी बैठकीत अनेकदा बोललो होतो. १९५२ साली आलेले हे पेन दोन्ही टोकांना निमुळते, मध्ये भरीव आणि काळेभोर असते, टोपणाच्या माथ्यावर बर्फाच्छादित शिखराची खूण म्हणून सहा गोलसर टोकांचा पांढरा तारा असतो आणि अठरा कॅरेट सोन्याच्या मोठ्या निबेवर ४८१० हा माँ ब्लाँ शिखराच्या उंचीचा मीटरमधील आकडा कोरलेला असतो. मला याहून अधिक भावते ती त्याच्या क्रमांकातली शिस्त. त्यातला १ हा माइस्टरश्टुक श्रेणीचा, ४ हा पिस्टनने शाई ओढून घेणाऱ्या यंत्रणेचा आणि ९ हा निबेच्या आकाराचा आहे. नवे घ्यायचे म्हटले तर किंमत लाखाच्या आसपास जाते, त्यामुळे चांगल्या स्थितीतले वापरलेले पेन मिळावे अशी माझी इच्छा होती.

एका बैठकीत त्या गृहस्थांनी पिशवीतून १४९ काढले. प्रभात रस्त्यावरील एका दिवंगत वकिलांच्या संग्रहातले ते असून घरच्यांना त्यात रस नाही, म्हणून अडतीस हजारांत द्यायचे आहे, असे त्यांनी सांगितले. ते पेन अस्सल होते, याविषयी मला आजही शंका नाही. आम्ही पाचसहा जणांनी ते भिंगातून पाहिले, त्यात शाई भरली, पानभर लिहिले आणि क्लिपच्या कड्यावरच्या अनुक्रमांकाचे छायाचित्र घेतले. पिस्टन जरा जड फिरत होता. तेव्हा ते गृहस्थ म्हणाले, "सर, असं पेन तुमच्या हाती देणं बरं दिसत नाही. मुंबईच्या कारागिराकडून साफ करून आणतो, मग तुम्ही बिनघोर वापरा." निम्मी रक्कम त्यांनी आगाऊ मागितली आणि ती फोनवरून ज्या खात्यात गेली त्यावरचे नाव त्यांचे नव्हते. ते खाते मेहुण्याचे आहे, असे उत्तर तत्काळ मिळाले.

काही दिवसांनी टिळक रस्त्यावर संध्याकाळच्या गर्दीत पेन माझ्या हाती आले. सोबत कंपनीची पेटी होती, माहितीपत्रिका होती आणि कड्यावरचा अनुक्रमांक माझ्याकडच्या छायाचित्राशी तंतोतंत जुळत होता. उरलेली रक्कम मी दिली. निघताना त्यांनी एक सूचना केली आणि या व्यवहारातला सर्वांत घातक भाग मी तिलाच मानतो. "पिस्टनला नवीन ग्रीस लावलंय, ते बसायला आठवडा लागतो, तोवर शाई भरू नका आणि मागची घुंडीही फिरवू नका." पिस्टनला सिलिकॉनचे ग्रीस लावण्याची पद्धत खरोखरच आहे, त्यामुळे ही सूचना ऐकणाऱ्याला जाणकाराचीच वाटते. पण ग्रीस बसण्यासाठी कोणताही काळ थांबावे लागत नाही. ते लावल्यानंतर घुंडी दोनचारदा पुढेमागे फिरवली की पेन त्याच क्षणी वापरता येते. तो आठवडा त्यांना स्वतःसाठी हवा होता. तो संपेपर्यंत फोन बंद झाला होता आणि बैठकीला येणेही थांबले होते.

शाई भरायला घेतली तेव्हा मागची घुंडी जागची हलेना. थोडा जोर लावताच पेन निबेजवळच्या सांध्यावर उघडले आणि आत साध्या पेनांत असतो तसा कन्व्हर्टर, म्हणजे शाई भरण्याची काढता-घालता येणारी नळी, दिसला. १४९ मध्ये कन्व्हर्टर असूच शकत नाही. मधला ४ हा आकडाच ते सांगतो. मग आम्ही एकेक खूण तपासली. अस्सल पेनात निबेजवळ पट्टेदार खिडकी असते आणि तिच्यातून प्रकाश आरपार जाऊन आतली शाई दिसते, इथे ते पट्टे नुसते रंगवलेले होते. आताच्या अस्सल पेनाची काळी राळ प्रखर विजेरीवर धरली की माणकासारखी लालसर उजळते, यातून मात्र प्रकाशाचा कणही बाहेर आला नाही. निबेवर १८ कॅरेट आणि ७५० असे कोरलेले असूनही लक्ष्मी रस्त्यावरील एका सराफांनी ती कॅरेट मोजण्याच्या यंत्रात ठेवली, तेव्हा सोने केवळ वरच्या मुलाम्यापुरते असल्याचे निघाले. तारा, ४८१०, टोपणावरची तीन कडी आणि अनुक्रमांक या गोष्टी मात्र उत्तम उतरवलेल्या होत्या. आम्ही संग्राहक ज्या खुणांचे सर्वाधिक कौतुक करतो, नेमक्या त्याच नकलाकाराने जिवापाड साधल्या होत्या, आणि ज्यांच्याविषयी सहसा कोणी बोलत नाही ती आतली यंत्रणा व साहित्य तसेच सोडून दिले होते. अनुक्रमांक जुळला म्हणून पेन अस्सल, हा समज तर पूर्णपणे सोडावा. तो आकडा अस्सल पेनावरून उचलून दुसऱ्या कड्यावर कोरणे अवघड नाही.

बाकी दोघांची फसवणूक वेगळ्या प्रकारची होती. आमच्यातील एका निवृत्त अभियंत्यांना पेलिकन एम ४०० मिळाले आणि त्याची नळी, टोपण, पिस्टन सर्व काही अस्सल होते. पेलिकनने १९२९ मध्ये आपले पिस्टनचे पहिले पेन आणले आणि आजही या घराण्यातल्या पेनांची निब आट्यांची असून सहज फिरवून काढता येते. ही सोय वापरणाऱ्याच्या फायद्याची आहे, परंतु स्वस्त एम २०० ची सोनेरी मुलाम्याची पोलादी निबही एम ४०० मध्ये चपखल बसते, आणि या अभियंत्यांच्या पेनात तीच बसवलेली होती. चौदा कॅरेटच्या निबेवर १४ सी आणि ५८५ कोरलेले असते, तिच्यावर असे काहीच नव्हते. एका डॉक्टर बाईंना जपानी माकी-ए पेन विकले गेले. या कलेत उरुशी लाखेच्या ओल्या थरावर सोन्याची भुकटी शिंपडून चित्र उठवतात, त्यामुळे भिंगाखाली कण लहानमोठे आणि विखुरलेले दिसतात. बाईंच्या पेनावरच्या सारसांत रंगाचे ठिपके सारख्या ओळींत होते, म्हणजे ते छापील चित्र होते.

आमच्या टेबलावर काढलेली छायाचित्रे दुसऱ्या शहरांतील ग्राहकांना विक्रीसाठी दाखवली गेल्याचेही नंतर कळले. नाशिकच्या एका संग्राहकांनी आमच्यापैकी एकाला पाठवलेल्या चित्रात पेनाखाली यजमानांच्या घरचे निळ्या चौकटींचे टेबलक्लॉथ स्पष्ट दिसत होते. दुरून पेन घेणाऱ्याने म्हणूनच पेनाशेजारी स्वतःचे नाव आणि त्या दिवसाची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून नवे छायाचित्र मागावे. समोरासमोरच्या व्यवहारात पैसे देण्यापूर्वी त्याच जागी शाई किंवा निदान पाणी भरून पिस्टन दोन्ही टोकांपर्यंत फिरवावा, निब दहापट भिंगातून पाहावी आणि एकदा तपासलेले पेन कोणत्याही कारणाने पुन्हा विक्रेत्याच्या हाती जाऊ देऊ नये. दुरुस्ती हवी असेल तर ती आपणच करून घ्यावी. खातेदाराचे नाव विक्रेत्याचे नसेल तर व्यवहार तिथेच थांबवावा, मग सांगितलेले नाते कोणतेही असो. अप्पा बळवंत चौकात आणि अन्यत्र वर्षानुवर्षे पेनांचा व्यवसाय करणारी जुनी माणसे आहेत. त्यांच्यापैकी कोणाला पेन दाखवायचा नुसता आग्रह धरला, तरी विक्रेत्याची तयारी किती आहे हे कळते.

पैसे गेल्याचे ध्यानात येताच राष्ट्रीय सायबर मदतवाहिनीच्या १९३० या क्रमांकावर कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यांत वळण्यापूर्वी गोठवली जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. माझ्या बाबतीत तो आठवडा निघून गेला होता, तरीही मी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली आहे. फसवणुकीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या ३१८ व्या कलमात येतो आणि तिघांच्या तक्रारींत एकाच खात्याचा उल्लेख असल्याने त्या एकत्र पाहिल्या जाव्यात, अशी विनंती आम्ही केली आहे. ज्यांनी अलीकडे 'वकिलांच्या संग्रहातले' म्हणून पेन घेतले असेल, त्यांनी ते दुरुस्त करू नये, परत करू नये आणि पेटी, संदेश व पैसे पाठवल्याची नोंद यांसह आपल्या भागातील पोलीस ठाण्यात जावे. तक्रार देताना पेनाचा अनुक्रमांक अवश्य लिहून द्यावा, कारण तोच आकडा माझ्याही पेनावर असेल, तर एका अस्सल पेनाच्या आधारे किती नकला विकल्या गेल्या हे तपास करणाऱ्यांना दाखवता येईल.