दोन शब्द बदलायचे १४० डॉलर: कन्फॉर्मिंग कपड्यांत मी कशी नाडले गेले

आधी आकडे सांगते. कोट आणि बुटांचा संच, ३४.९५ डॉलर. 'दुरुस्ती फाइल', ४५ डॉलर. 'नव्याने रिगिंग' (कपड्याला आतून हाडं आणि सांधे बसवणं), १४० डॉलर, त्यातले ८० आगाऊ आणि ६० काम दाखवल्यावर. एकूण २१९.९५ डॉलर. आणि बिघाड काय होता, तर पोझर या माणसांच्या त्रिमितीय आकृत्यांना पोझ द्यायच्या सॉफ्टवेअरमधल्या एका मेनूतल्या दोन टिका (बरोबरच्या खुणा). कोट आणि बूटही त्या आकृत्यांसाठीचे, संगणकातलेच. वर्षानुवर्षं पोझर वापरणाऱ्यांना वाटेल, एवढंही कळलं नाही? वाटू दे. ज्यांना अजून कळलेलं नाही त्यांच्यासाठी लिहिते आहे.

मी चित्रकार आहे. फिगर (पोझरमधली माणसाची तयार आकृती) घ्यायची, पोझ द्यायची, प्रकाश लावायचा, रेंडर (संगणकाने काढलेलं चित्र) काढून त्यावर रंगकाम करायचं, हे मी बरीच वर्षं करते. रिगिंगच्या वाटेला कधी गेले नाही, जायची गरजही पडली नाही. तयार कपडे विकत घ्यायचे, 'कन्फॉर्म टू' करायचं, म्हणजे कपडा फिगरला जोडायचा, तो अंगावर बसला की पुढचं काम. प्रत्येक चित्रकाराने हाडांचे कोन आणि फाइलींचे अंतरंग शिकलेच पाहिजेत असं मला तेव्हाही वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. म्हणून तर आपण तयार माल घेतो.

मला एक प्रवासी पायरीवर बसलेला काढायचा होता. लांब कोट, गुडघ्यापर्यंत बूट. असे कपडे विकणाऱ्या एका ऑनलाइन बाजारात मला हा संच मिळाला. विक्रीच्या पानावर सहा चित्रं होती आणि सगळी देखणी होती. सहाही चित्रांत फिगर सरळ उभी होती, हे मी तेव्हा पाहिलं नाही. कपडे घेताना बसलेली, वाकलेली, गुडघा मुडपलेली फिगर दिसत नसेल तर विकणाऱ्याकडे ती मागा. नाही म्हणाला तर घेऊ नका.

फिगरला बसवलं आणि कोटाचा विचका झाला. मांड्या पुढे आल्या, पण बूट ती आधी जिथे उभी होती तिथेच जमिनीला खिळलेले. कोटाचा घेर या दोन टोकांमध्ये रबरासारखा ताणलेला, आणि गुडघ्यावरची कातडी कापड फाडून बाहेर आलेली.

मी लगेच पैसे घेऊन धावले नाही. सगळे सांधे शून्यावर आणून कपडा पुन्हा कन्फॉर्म केला. इन्व्हर्स किनेमॅटिक्समुळे, म्हणजे आयकेमुळे, पाय अडकतात हे ऐकून माहीत होतं, म्हणून फिगरचं आयके बंदही केलं. फरक पडला नाही. मग विकणाऱ्याला निरोप पाठवला. त्याचा पहिलाच प्रश्न होता, "फिगरचं आयके बंद केलंत का?" मी हो म्हटलं. त्यावर तो म्हणाला, "मग कपड्याचं रिगिंग तुमच्या फिगरशी जुळत नाहीये, दुरुस्त करावं लागेल." हे वाक्य मी आता शंभर वेळा वाचलं आहे. फिगरचं विचारलं, कपड्याचं विचारलं नाही. त्याला पक्कं ठाऊक होतं.

कारण कपडा हीसुद्धा स्वतंत्र फिगरच असते. तिला स्वतःच्या मांड्या, पोटऱ्या, पावलं असतात, आणि तिचं स्वतःचं आयकेही असू शकतं. कन्फॉर्म केलं की अंगाच्या सांध्यांचे कोन त्याच नावाच्या कपड्याच्या सांध्यांना मिळतात. आयके मात्र उलटं चालतं: पाऊल कुठे टेकलंय ते धरून मांडी आणि पोटरीचे कोन ठरवतं. कपड्यावर दोन्ही चालू राहिले तर एका पायाला दोन मालक होतात. अंग म्हणतं वाक, आयके म्हणतं पाऊल हलवायचं नाही. कन्फॉर्मिंग कपडे पोझर ४ मध्ये, १९९९ साली आले. तेव्हापासून कपडे बनवणारा माणूस या भानगडीला अनोळखी नसतो.

४५ डॉलरची दुरुस्ती फाइल आली. मी पाठवलेल्या पोझमध्ये बूट अगदी बरोबर बसले! मी खूश. दुसऱ्या दिवशी प्रवाशाचा एक पाय थोडा पुढे घेतला तर बूट पुन्हा हवेत. ती निव्वळ पोझ फाइल होती. त्याने त्या एका चित्रापुरते कपड्याचे पाय हाताने फिरवून ठेवले होते. एकाच पोझमध्ये चालणारी दुरुस्ती ही दुरुस्ती नसते, हे माझ्या तेव्हा का लक्षात आलं नाही? चित्र द्यायची तारीख चार दिवसांवर होती, म्हणून. ज्यांनी असं काम केलंय त्यांना चार दिवस म्हणजे काय ते माहीत आहे.

मग १४० डॉलरची गोष्ट निघाली. सगळी हाडं नव्याने बसवावी लागतील, म्हणाला. पैसे बाजाराबाहेर, ओळखीच्या माणसाला पाठवतात त्या प्रकारात पाठवा, म्हणजे बाजारवाल्यांची दलाली वाचेल. ४५ तसेच गेले होते, ८० पण तसेच गेले. हे कधीही करू नका. दलाली वाचवायला सांगणारा माणूस तुमचं संरक्षण काढून घेत असतो.

दोन दिवसांनी त्याने काम झाल्याचा पुरावा म्हणून पडद्याचं चित्र (स्क्रीनशॉट) पाठवलं. तोच क्षण मला अजून झोपू देत नाही. प्रवासी पायरीवर बसलेला, बूट पावलांत, कोट मांड्यांवर नीट पडलेला. खिडकीच्या खालच्या पट्टीत निवडलेल्या फिगरचं नाव, कोटाचं. आणि वर 'फिगर' मेनू उघडाच राहिलेला, त्यात 'यूज इन्व्हर्स किनेमॅटिक्स', त्यापुढे 'लेफ्ट लेग', 'राइट लेग', आणि दोन्हींसमोर टिक नाही. सगळं उत्तर तिथे उघड्यावर पडलं होतं. मी चित्र मोठं केलं ते गुडघ्यांवर. कापडातून कातडी दिसते का, एवढंच पाहिलं. मग उरलेले ६० पाठवले आणि वर लिहिलं, "आता उत्तम चालतंय, मनापासून आभार."

महिन्याभराने दुसरीकडून घेतलेल्या एका पँटचंही तसंच झालं. त्या कोटवाल्यालाच विचारलं तर ९५ डॉलर सांगितले. या वेळी पैसे हातात नव्हते, म्हणून स्वतःच खटपट करत बसले. मेनू उघडला तेव्हा चुकून फिगरऐवजी पँट निवडलेली होती, आणि त्या दोन टिका समोर आल्या. मी फिगरच्या काढल्या होत्या. हा मेनू जी फिगर निवडलेली असेल तिच्यापुरताच चालतो. टिका काढल्या, पँट पायांवर येऊन बसली.

मग कोटाच्या दोन्ही फाइली काढल्या, जुनी आणि 'नव्याने रिगिंग केलेली'. जुनी १८,४३,२०७ बाइटची, नवी १८,४३,२०९. पोझर फिगर ज्यात साठवतं ती सीआर२ ही साधी मजकुराची फाइल असते, कुठल्याही टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते. ओळीला ओळ लावून पाहिली. 'इंकीचेन' नावाचे, म्हणजे आयकेचे, दोन भाग, डाव्या आणि उजव्या पायाचे. दोन्हींत 'ऑन'चं 'ऑफ' केलेलं. इंग्रजीत एकेक अक्षर वाढलं, म्हणून दोन बाइट. बाकी एक अक्षरही हललेलं नाही. कुणी रिगिंग दुरुस्त करून दिलं म्हणत असेल तर पैसे चुकते करण्याआधी ही तुलना करा, पाच मिनिटं लागतात. फाइल सीआरझेड असेल तर ती दाबलेली (कॉम्प्रेस केलेली) असते, आधी उलगडून घ्या. आणि मूळ फाइलची प्रत ठेवल्याशिवाय काही बदलू नका.

तक्रारीचं तर विचारूच नका. बाजारवाल्यांनी लिहिलं की परतीचे ३० दिवस उलटून गेले आणि बाकीचे १८५ डॉलर आमच्यामार्फत गेलेलेच नाहीत. मी म्हटलं, पैशांचं राहू द्या, निदान सदोष माल पानावरून काढा. उत्तरात त्यांनी माझाच आभाराचा निरोप मला पाठवला, म्हणे ग्राहक समाधानी आहे! पैसे पाठवणाऱ्या कंपनीने सांगितलं, ओळखीच्या माणसाला पाठवलेली रक्कम संरक्षणात येत नाही. ज्याच्याकडून फसले तो माझा ओळखीचा ठरला. सायबर पोलिसांकडे गेले तर टेबलामागच्या साहेबांनी दोनदा विचारलं, "कोट घरी आलाच नाही का, मॅडम?" मी समजावलं की कोट संगणकातला आहे. "मग फाइल मिळाली ना?" मिळाली. "चालते ना?" चालते. "मग फसवणूक कुठे झाली?" अर्ज घेतला, शिक्का दिला, त्यानंतर दोन फोन केले तर संबंधित साहेब रजेवर. खोटं काम सांगून पैसे उकळणं ही फसवणूक नाही तर काय आहे? तीनही ठिकाणी मला माझीच चूक समजावून सांगितली गेली. त्याला एक प्रश्नसुद्धा कुणी विचारलेला नाही.

तुमचा कपडा असा मागे राहत असेल तर कुणाला पैसे देण्याआधी फिगरचं आयके बंद करून तिचं हिप (कंबरेचा भाग) थोडं खाली सरकवा. बूट किंवा पँटची पावलं जागेवरच खिळून राहिली तर दोष आयकेचा, रिगिंगचा नव्हे. कपडा निवडा, टिका काढा, मग सांधे शून्यावर आणून पुन्हा कन्फॉर्म करा. टिका काढूनही हलला नाही तर हाडांची नावं पाहा. फिगरमध्ये मांडीचं जे नाव तेच कपड्यात हवं, नाहीतर कोन पोचणारच नाहीत.

त्या सहा चित्रांचं पान अजून तसंच आहे, किंमत ३४.९५. हाच कोट कुणी घेतला असेल आणि विकणाऱ्याने दुरुस्तीचे पैसे मागितले असतील तर ते निरोप पुसू नका. मी काल दोन्ही फाइली जोडून चौथी तक्रार केली आहे. त्यात दुसऱ्या कुणाचे निरोप जोडता आले तर मला हवे आहेत.