एमएससाठी जर्मनी की ब्रिटन? वावरवाल्या घरचा हिशोब

दारव्हा-पुसदकडच्या कास्तकाराच्या घरी परदेशाचा विषय निघाला की पहिला प्रश्न पैशाचा. ब्रिटनची मास्टर्स बहुतेक ठिकाणी एका वर्षात उरकते आणि भाषेची अडचण नाही. पण फी भारी. स्वतःच्या पैशावर जायचं तर व्हिसासाठी फी आणि राहण्याच्या खर्चाची रक्कम खात्यात सलग 28 दिवस दाखवावी लागते. कर्जासाठी वावराचा सातबारा घेऊन बँकेत जावं, तर शेतजमीन तारण म्हणून सहसा चालत नाही. मग कुणाचा नागपूरला प्लॉट आहे का, ही शोधाशोध सुरू.

जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी ट्यूशन फी नाहीच (बाडेन-वुर्टेंबर्ग राज्यात मात्र सत्राला 1,500 युरो). म्हणून फुकट समजू नका. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षभराचा खर्च आधीच भरावा लागतो. 2024 मध्ये हा आकडा 11,904 युरो झाला. पैसे आपलेच, तिकडे गेल्यावर महिन्याला 992 युरो हाती येतात. त्याआधी एपीएस प्रमाणपत्र (आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणारा दाखला) काढा, त्याला वेळ लागतो. कोर्स साधारण दोन वर्षांचा. अभ्यास इंग्रजीत असला तरी हॉटेलात, दुकानात पार्ट-टाइम काम मिळवायचं तर जर्मन आलेली बरी. तालुक्याला क्लास कुठला? नागपूर गाठा, नाहीतर ऑनलाइन.

माझा कौल जर्मनीला, पण धीर धरणाऱ्या पोरापोरींसाठीच. अनुसूचित जातीतल्या विद्यार्थ्यांनी मात्र आधी राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीचे निकष बघावेत. ती मिळाली तर फी राज्य सरकार भरतं, आणि ब्रिटनचं गणित पार बदलतं.