जुनी स्पोर्ट्स कार घेताय? पैसे द्यायच्या आधी गाडीखाली झोपून बघा

माझे २ लाख ६० हजार गेलेत आणि गाडी उद्यमनगरात मिस्त्रींच्या शेडमागं ताडपत्रीखाली उभी आहे. सॅन स्टॉर्म ही जुनी स्पोर्ट्स कार शोधणारी पोरं कोल्हापूर, सांगली, बेळगाव पट्ट्यात अजून बरीच आहेत आणि मला फसवून ती विकणारा माणूस त्यातल्या कुणालाही भेटू शकतो, म्हणून सगळं लिहितोय.

जुन्या गाड्यांचं वेड मला लहानपणापासून. दसऱ्याला दसरा चौकात छत्रपतींची मेबॅक यायची ती बाबांच्या खांद्यावर बसून बघायचो. पण मला गाडी पुसून ठेवायला नको होती, रोज कामावर न्यायला पाहिजे होती, राजारामपुरी ते गोकुळ शिरगाव. स्टॉर्म त्यासाठी एकदम बरोबर वाटली. गोव्यात बनलेली दोन सीटची, टप उघडायची गाडी, १९९८ च्या आसपास आलेली, रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन, ताकद साधारण ६० बीएचपी, म्हणजे पेट्रोल पिणारा राक्षस नाही. पार्ट सहज मिळत नाहीत हे माहीत होतं पण उद्यमनगरात लेथवर काय बनत नाही, त्यामुळं त्याची भीती नव्हती. आणि सगळ्यात मोठं म्हणजे बॉडी फायबरची. फायबर गंजत नाही, मग कोल्हापूरच्या पावसात चार महिने घातली तरी काय होतंय, असा माझा हिशोब.

हा हिशोबच चुकला. बॉडी गंजत नाही हे खरं, पण ती बसलीय ती फ्रेम लोखंडाची. साध्या गाडीला दाराखाली, मडगार्डला फोड आले की आपल्याला कळतं आत गंज आहे, इथं तसं काहीच दिसत नाही, खालची फ्रेम खाऊन संपली तरी वरून गाडी चकाचक. आणि ही गाडी वीसएक वर्षं समुद्राच्या खाऱ्या हवेत उभी होती.

म्हापशाजवळ एकानं दाखवली. मालक दुबईला असतात, मी त्यांचा भाचा म्हणाला. बोलायला इतका गोड की दोनदा चहा पाजला, मग बोलता बोलता, "दादा, उद्या बेळगावची पार्टी येतीय, तुम्ही लांबून आलाय म्हणून तुम्हाला पहिलं." मी वाकून खाली बघितलं तर सगळीकडं नवंकोरं काळं कोटिंग, म्हणाला पावसासाठी मारून घेतलंय. मला उलट बरं वाटलं, काळजी घेणारा माणूस आहे म्हणून! जुन्या गाडीला खाली ताजं काळं कोटिंग दिसलं तर तिथंच थांबा, ते कशावर मारलंय हे कळल्याशिवाय एक रुपया काढू नका. टेस्ट राइड दिली ती गुळगुळीत रोडवर दोन किलोमीटर. आरसी ओरिजिनल, गाडी नावावर करायच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या तयार, एनओसी, म्हणजे गाडी दुसऱ्या राज्यात न्यायचा आरटीओचा ना-हरकत दाखला, पंधरा दिवसांत कुरियरनं. मी २५ हजार यूपीआयनं दिले आणि बाकीचे २ लाख ३५ हजार रोख, कारण तो म्हणाला मामांना रोखच पाहिजेत.

बांदा, सावंतवाडी, आंबोली करत आलो. घाटात टप उघडा, धुकं आत येतंय, इतका आनंद मला कुठल्या गाडीत झाला नव्हता. घाट चढून वर आलो तेव्हा डावं दार थोडं वर घासतंय असं वाटलं, लक्ष दिलं नाही. उत्तूरच्या पुढं एक स्पीडब्रेकर जरा जोरात गेला आणि ते दार आपोआप उघडलं. उतरून बघितलं तर दाराची फट खाली एक बोट आणि वर अजिबात नाही. टपाच्या गाडीत छताचा आधार नसतो, सगळा भार फ्रेमवर, फ्रेम वाकली की पहिलं दार सांगतं. हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीमामांनी गाडी लिफ्टवर घेतली. त्यांच्याकडं जुन्या स्पीकरचा गोल मॅग्नेट असतो, तो त्यांनी फ्रेमला लावला. पुढं टक्कन चिकटला. सरकवत दाराखाली आणला आणि तो सुटून खाली फरशीवर पडला. मामा काही बोलले नाहीत, परत लावला, परत पडला. मग स्क्रू ड्रायव्हर घेऊन दाबला तर तो मुठीपर्यंत आत. बाहेर काढल्यावर त्या भोकातून लाल भुगा सांडत राहिला. "पोरा, ह्ये लोखंड न्हाई," म्हणाले. कुजलेल्या फ्रेमवर फायबरची जाळी आणि रेझीन गुंडाळून, घासून, वर काळं मारलेलं, हातभर लांबीत. मी आणि माझी बायको या गाडीत बसून रोज हायवेवर जाणार होतो, ह्याचा मला पैशांपेक्षा जास्त राग आहे.

बॉडीला मॅग्नेट लावून उपयोग नाही, फायबरला तो चिकटतच नाही. फ्रेमला लावा, खाली झोपून, पुढून मागपर्यंत. कपडे खराब होऊ देत.

कागदाचं तर त्याहून वाईट. गाडीची नोंद दाखवणाऱ्या ॲपवर मी फक्त मालकाचं नाव जुळवलं, तारीख बघितलीच नाही. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांनी रिन्यू करावी लागते, ती केव्हाच संपलेली. ती केल्याशिवाय तिकडची एनओसी नाही, एनओसीशिवाय इकडं एमएच ०९ नाही, आणि रिन्यूसाठी गाडी आरटीओत इन्स्पेक्शनला दाखवायची, ही फ्रेम कोण पास करणार? शेवटी आरसीवरच्या पत्त्यावर जाऊन आलो तर शेजारच्या आजींनी सांगितलं, ते गृहस्थ वारून तीन वर्षं झाली. म्हणजे त्या सह्या कुणाच्या? वारसांनी ३१ नंबरचा फॉर्म भरून गाडी आधी आपल्या नावावर करायला पाहिजे होती, त्यांना तर गाडी विकली गेलीय हेच माहीत नव्हतं, त्यांनी ती त्या माणसाला रिपेअरीला दिलेली. त्यामुळं मालक समोर नसेल तर व्हिडिओ कॉलवर तरी बोला, आधारशी तोंड जुळवा, आणि चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलनं घासून प्रिंट स्वतः घ्या, त्यानं दिलेला फोटो चालत नाही.

पोलिसांत अर्ज दिलाय. हातात पुरावा फक्त त्या २५ हजारांच्या ट्रान्सफरचा, त्याचा फोन बंद. वारस बिचारे चांगले आहेत, जबाब द्यायला तयार झालेत. मागच्या आठवड्यात इचलकरंजीचा एक जण भेटला, त्याला ह्याच माणसानं जुनी जिप्सी दिलीय, तीच काळी कोटिंग, तोच दुबईचा मामा. आता दोघांचे अर्ज एकत्र जातायत. अजून कुणी असेल तर या आठवड्यात बोला, यूपीआयची एखादी पावती जरी असली तरी घेऊन या.