सहा आठवड्यांचा निर्वासित-इतिहास: कोर्स करावा का?

निर्वासितांच्या जागतिक इतिहासावरचा ऑनलाइन कोर्स परवा संपवला. माझी तीस वर्षं रेकॉर्ड रूममध्ये गेली, त्यामुळे दुसऱ्या आठवड्यातल्या नान्सेन पासपोर्टवरच मी अडकून पडलो.

१९२१ मध्ये रशियातल्या नव्या राजवटीने परदेशी गेलेल्या लाखोंचं नागरिकत्व काढून घेतलं. ना देश, ना कागद. राष्ट्रसंघाचे (संयुक्त राष्ट्रांच्या आधीची जागतिक संघटना) निर्वासितांसाठीचे आयुक्त फ्रिट्यॉफ नान्सेन यांनी १९२२ मध्ये त्यांच्यासाठी ओळखपत्र काढलं, तोच हा नान्सेन पासपोर्ट. कोर्समधला स्कॅन इतका स्वच्छ आहे की मोठा केला तर त्यावर चिकटवलेल्या तिकिटावरच्या नान्सेनच्या मिशा दिसतात, आणि घडीवर विरलेला कागदही. किती खिडक्यांवर उलगडला असेल तो! गंमत म्हणजे सुरुवातीला हा कागद घेऊन बाहेर पडलात, तर तो देणारा देश परत आत घेईलच याची हमी नव्हती. इथे मी व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा ऐकला.

तिसरा आठवडा ठीक. नाझी राजवटीतून पळणाऱ्या ज्यूंना कोण घेणार यावरची १९३८ ची एव्हियन परिषद, ३२ देश, बहुतेकांची नुसती हळहळ.

चौथ्यात सराव आहे: संयुक्त राष्ट्रांच्या १९५१ च्या निर्वासित-करारातली 'निर्वासित' कोण याची व्याख्या समोर ठेवून पाच अर्ज तपासायचे. गावावर बाँब पडले म्हणून पळालेल्या कुटुंबाला मी 'निर्वासित' म्हटलं. मशीनने लाल फुली मारली. करारात नुसतं युद्ध पुरत नाही. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपैकी कशावरून तरी छळाची भीती लागते. फुली पटली नाही, पण समजली.

माझी तक्रार पुढेच आहे. आफ्रिकी ऐक्य संघटनेने १९६९ मध्ये परकीय आक्रमण आणि सार्वजनिक सुव्यवस्था कोलमडणं ही कारणंही व्याख्येत घेतली. म्हणजे माझं उत्तर तिथे चाललं असतं! ही माहिती कुठे, तर 'अधिक वाचन' या फाईलच्या तळाशी. १९५१ चा करार युरोप डोळ्यांपुढे ठेवून लिहिला गेला, असं शिक्षिका दोनदा सांगतात आणि स्वतःही तेच करतात. १९४७ ची फाळणी आणि १९४८ चं पॅलेस्टाईन मिळून अकरा मिनिटं. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून जवळजवळ एक कोटी माणसं भारतात आली, त्यांना एक वाक्य.

तरी दुसऱ्या आणि चौथ्या आठवड्यासाठी कोर्स कराच. सहावा सोडलात तरी चालेल.

हे सगळं कोर्सवाल्यांना कळवलं. उत्तर आलं, 'आपल्या अभिप्रायाची नोंद घेतली आहे.' नोंद घेणं म्हणजे काय असतं, ते मला विचारा.