ओल किओम्बोची धावपट्टी: आठ महिन्यांच्या ये-जा करण्यानंतरचा अनुभव

गेले आठ महिने महिन्यातून दोन-तीनदा मी नैरोबीहून मसाई माराला, म्हणजे केनियातल्या अभयारण्यात, जातोय. काम सोलरचं. तिथले पर्यटकांचे बरेच कॅम्प सोलरवर चालतात, त्यांच्या बॅटऱ्या, इन्व्हर्टर आणि पंप बघायला जावं लागतं. उतरायचं ठिकाण बहुतेक वेळा ओल किओम्बो, तलेक भागातली धावपट्टी. सुट्टीत मारा बघायला येणारे ओळखीचे लोक हल्ली नेहमी विचारतात की रस्त्याने यावं की छोट्या विमानाने, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

आधी निघण्याचं. मुंबईचं विमान जोमो केन्याटा विमानतळावर उतरतं, माराची विमानं मात्र विल्सनवरून सुटतात. हे दोन वेगळे विमानतळ आहेत. मधलं अंतर फार नाही, पण नैरोबीच्या ट्रॅफिकचा भरवसा नाही, तेव्हा दोन विमानांमध्ये किमान चार तास ठेवा. विल्सन मला मनापासून आवडतं. फ्लॉरेन्स केर विल्सन नावाच्या बाईंनी १९२९ साली इथे विमान कंपनी काढली, त्यांचंच नाव पुढे विमानतळाला दिलं गेलं. आजही तिथे एसटी स्टँडसारखी गजबज असते. एकामागून एक छोटी विमानं निघत असतात आणि गावांची नावं पुकारली जातात.

विमान बहुधा सेसना कॅराव्हॅन. एक इंजिन, एक पंखा, दहा-बारा माणसं. आत टॉयलेट नाही, ते विल्सनवरच उरकून घ्या. पाऊण तासाचा प्रवास, पण तो सरळ नसतो. एसटी जशी फाट्याफाट्यावर थांबते तसं हे विमान माराच्या दोन-तीन पट्ट्यांवर उतरत जातं, आणि थांब्यांचा क्रम रोज वेगळा. कीकोरोक, किचवा टेंबो, मारा सेरेना, ओल किओम्बो, सगळीकडे खाली गवत आणि एखादी जीप हेच दृश्य. पाटी दिसेलच असं नाही. उतरण्याआधी वैमानिकाला नाव विचारून खात्री करा. माझ्यासमोर एक जोडपं चुकीच्या पट्टीवर उतरलं होतं. दार लावण्याआधी वैमानिकाने माणसं मोजली म्हणून निभावलं.

सामानाबद्दल सगळ्यात जास्त वाद होतात. हातातली पिशवी धरून १५ किलो, आणि बॅग मऊ कापडाची हवी. पहिल्या खेपेला मला ही निव्वळ अडवणूक वाटली होती. आता कारण समजतं. सामान विमानाच्या पोटाखालच्या अरुंद कप्प्यात कोंबावं लागतं, कडक सूटकेस तिथे शिरत नाही. त्यात मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटर उंचीवर. हवा मुळात विरळ, दुपारी तापून आणखी विरळ होते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर कमी पडतो आणि जमीन सोडायला जास्त लांब धावावं लागतं. पट्टीची लांबी तर ठरलेली. त्यामुळे वजन करणारा माणूस दोन किलोंसाठी अडला तर हुज्जत घालू नका, तो तुमच्याच जिवाचा हिशेब करत असतो. माझी अवजारं मी आता आदल्या दिवशी रस्त्याने पाठवतो. आणि प्लास्टिकच्या कॅरीबॅगा घरीच ठेवा, केनियात त्यांच्यावर २०१७ पासून बंदी आहे.

शक्यतो सकाळचंच विमान घ्या. सकाळी हवा शांत असते. नैरोबी सोडलं की न्गोंगचे डोंगर येतात आणि मग खालची जमीन एकदम खचते, ती रिफ्ट व्हॅली. उजव्या हाताला सुस्वाचा ज्वालामुखी दिसतो. आभाळ स्वच्छ असेल तर त्यामागे लोंगोनोट हा दुसरा ज्वालामुखीसुद्धा. दुपारी हीच जमीन तापली की विमान चांगलंच गचके खातं. सोबतच्या लहान मुलांना त्रास होताना मी पाहिलंय.

आता पट्टी. ती मुरमाची आहे. मुरूम हा शब्द केनियातही जवळजवळ असाच वापरतात, आमच्या ड्रायव्हरच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी त्याला पुन्हा म्हणायला लावला होता. तिथल्या स्वाहिली भाषेत गाडीला गारी, दुकानाला दुका, पैशाला पेसा. ओळखीचे शब्द असे पावलोपावली भेटतात. न्देगे या शब्दाचे मात्र दोन अर्थ, पक्षी आणि विमान. पट्टीच्या आजूबाजूची जमीन काळी, आपल्या विदर्भातल्या कपाशीच्या जमिनीसारखीच. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात चाकांना चिकटून बसते. मार्च ते मे हा तिथला मोठा पाऊस. एप्रिलमध्ये पट्टी ओली म्हणून आमचं विमान दुसऱ्याच पट्टीवर उतरवलं गेलं आणि मला न्यायला आलेली गाडी ओल किओम्बोलाच उभी राहिली. दोन पट्ट्यांमधला तो चिखल पार करून यायला तिला दीड तास लागला. पावसाळ्यात जाणार असाल तर कॅम्पच्या माणसाचा फोन नंबर कागदावर लिहून ठेवा, कारण रेंज जाते-येते.

सोयींचं सांगायचं तर सावलीपुरतं छप्पर आणि वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी. कुंपण नाही. झेब्रे आणि रानडुकरं पट्टीवर चरत असतात, विमान यायच्या आधी कोणीतरी गाडी पळवून त्यांना हुसकावतं. एखादं जनावर राहिलंच तर वैमानिक एकदा खालून घिरटी घालून जातो, मग उतरतो. आधी मी घाबरायचो, आता ती घिरटी बघितली की बरं वाटतं. रात्री दिवे नाहीत, त्यामुळे सगळी ये-जा उजेडातच. विषुववृत्ताजवळ बारा महिने साडेसहाच्या सुमारास अंधार होतो, तेव्हा शेवटचं विमान चुकलं की मुक्काम ठरलेला.

याच पट्ट्यांवर रुग्णांना न्यायला विमानं येतात. जूनमध्ये एका कॅम्पच्या स्वयंपाक्याला स्ट्रेचरवरून विमानात चढवताना मी पाहिलं. ॲमरेफ या आरोग्यसंस्थेची उडत्या डॉक्टरांची सेवा १९५७ साली सुरू झाली, तिचं ठाणं विल्सनलाच. आजूबाजूच्या मसाई गावांतल्या बहुतेकांना तिकिटाचे पैसे परवडत नाहीत, ते मटाटूने, म्हणजे तिथल्या वडाप गाडीने, नारोक शहराकडे जातात. पण प्रसंग आला की त्यांच्यासाठीही वाट हीच असते. म्हणून या पट्टीची निगा नीट राहावी असं मला फार वाटतं.

एक तक्रार आहेच. मे महिन्यात एका कॅम्पच्या गाडीने मला पट्टीवर सोडलं आणि ती लगेच परत गेली. विमान दीड तास उशिरा आलं, वेळ बदलल्याचा निरोप कोणीच दिला नव्हता. छपराखाली मी एकटा, आणि समोरच्या झुडपांत म्हशींचा कळप. त्या म्हशी म्हणजे आपल्या गोठ्यातल्या नव्हेत, जंगलात माणसं मारणाऱ्या. त्या दिवशी कळलं की इथे वेटिंग रूम म्हणजे तुमची गाडीच. बुकिंग करतानाच विचारा की विमान उडेपर्यंत गाडी थांबणार का. नाही म्हणाले तर कॅम्प बदला.

माझा नेहमीचा ड्रायव्हर आता चाळिशी उलटलेला, मी त्याला म्झे म्हणतो, म्हणजे स्वाहिलीत वडीलधारा माणूस. विमान उडालं तरी तो निघत नाही. बॉनेटला टेकून आणखी वीस मिनिटं उभा असतो, न जाणो विमान माघारी आलं तर.